कर्लीच्या मुखाशी

देवबागच्या तात्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मास्तरांनू, यवतमाळाक समुद्र खय आसा?"

कुठेच नाही, म्हणालो. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र आमच्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, दोन्ही पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. आमचा मुलूख कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा. पण नद्या आहेत, डोह आहेत, आणि डोहाकाठी गरी घेऊन बसणारी माणसं आहेत. तात्यांना एवढं उत्तर पुरलं. "मगे गरी टाकूक येत आसतला," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

माझं गाव उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. आजोबा उन्हाळ्याच्या रात्री मला डोहावर न्यायचे. चैत्र-वैशाखात नदीची धार तुटते आणि मागे डोह उरतात. त्या डोहांत शिवडा असायचा. अंगावर एक खवला नाही, दोन लांब मिशा, आणि तोंड एवढं फाटलेलं की जबड्याची फट डोळ्याच्याही मागे जाते. आत बारीक दातांचा पट्टा, कानशीसारखा. आजोबा गरीला जिवंत बेडूक लावायचे. दोरी बोटावर घेऊन आम्ही बसायचो. दोरी थरथरली की मी ओढायला जायचो आणि ते माझं मनगट धरायचे. "बाबू, हालली म्हून लगेच ओढू नोको. त्याले गियू दे." त्या शब्दांनी मला माशांचा नाद लागला तो लागलाच. शिवड्याला आता शोधावं लागतं. जगभरच्या धोक्यातल्या जिवांच्या यादीत तो 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे. आमच्या डोहांतून तो कसा गेला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे: मच्छरदाणीसारखी बारीक जाळी, उन्हाळी पाण्यात टाकलेली ब्लीचिंग पावडर, खडकात लावायचे सुरुंग डोहात उडवणं, आणि वर अडलेलं पाणी.

म्हणून मोठा शिकारी मासा अजून जिथे काठावर येतो ती जागा एकदा पाहायची होती. ओमानच्या कड्यांवर, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या खाड्यांवर लोक काठी आणि रीळ घेऊन उभे राहतात आणि माणसाच्या वजनाशी झुंजणारे मासे किनाऱ्यावरून धरतात, हे वाचलं होतं. आपल्याकडेही हा नाद नवा नाही. मद्रास इलाख्यातला एक अंमलदार, हेन्री सलिव्हन थॉमस, यानं १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. पण त्याच्या पुस्तकाच्या कितीतरी पिढ्या आधीपासून कोळी, गाबीत, खारवी खडकावर बसून हेच करत आले आहेत. त्यांनी लिहून ठेवलं नाही, इतकंच. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे आणि माझ्या वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मी त्यावर एकदाही गरी टाकली नव्हती, याची मला खंत होती.

दिवाळी सरल्यावर निघालो. यवतमाळकराचं रेल्वे स्टेशन म्हणजे धामणगाव. शकुंतला, आमची जुनी छोटी रेल्वे, थांबली, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग अजून पुरा व्हायचा आहे, तेव्हा एसटीनं धामणगाव गाठलं आणि नागपूर-मडगाव गाडी पकडली. काठी दोन तुकड्यांत करून प्लास्टिकच्या पाइपात घातली होती. बडनेऱ्याला समोर येऊन बसलेल्या आजीबाईंना तो पाइप पाहून वाटलं मी नळाचं काम करतो. रात्र पठारावर गेली. सकाळी डोळे उघडले तेव्हा गाडी घाट उतरून कोकणात शिरली होती. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, एकामागून एक पूल. प्रत्येक पुलावरून मी खाली पाहत होतो आणि प्रत्येक नदी तासाभराच्या वाटेवर समुद्राला मिळणारी होती. पैनगंगेचं तसं नाही. ती बुलढाण्यात उगम पावते, आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा धरून वाहते, वणीच्या पुढे वढा-जुगादला वर्धेत मिसळते, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, आणि मग ते पाणी बंगालच्या उपसागराला लागतं. कोकणातला मासा समुद्रातून निघून एका भरतीत गोड्या पाण्याच्या सीमेवर पोहोचतो. आमच्या गावापर्यंत यायचं तर त्याला अर्धा देश पोहावा लागेल.

आणि तसं पोहणारा मासा आहे. कोकणात जिला अहीर म्हणतात ती सापासारखी लांब मासळी समुद्रात जन्मते, काचेच्या काडीएवढं पिल्लू होऊन नदीच्या मुखात शिरते, वर चढत जाते, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात राहते आणि शेवटी अंडी घालायला पुन्हा समुद्रात उतरते. पण गोदावरीच्या मुखाच्या वरच्या अंगाला इंजिनिअर आर्थर कॉटननं १८५२ साली धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला. समुद्रातून वर येणारी हिलसा आजही त्या बंधाऱ्यापाशी अडते. त्याच्यावर मग आणखी बंधारे, आणखी धरणं. या गोष्टी शाळेत शिकवताना मी फळ्यावर नकाशा काढतो, पण त्या बाकावर बसून पूल मोजताना त्यांचा अर्थ मला जास्त लागला.

कुडाळला दुपारनंतर उतरलो आणि संध्याकाळपर्यंत देवबागला पोहोचलो.

देवबाग म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माड, घरं आणि एक अरुंद रस्ता. रस्त्यावर उभं राहिलं की डाव्या कानात लाटांचा आवाज आणि उजवीकडे नदीचं संथ पाणी. पट्टीच्या टोकाला दोन्ही पाणी एकमेकांत मिसळतात. पलीकडे भोगवे, त्याच्याही पुढे निवतीचे खडक. दिवसा या संगमावर पर्यटकांच्या बोटींची जत्रा असते. सूर्य कलला की त्या थांबतात आणि जागा पुन्हा मासे धरणाऱ्यांची होते.

तात्या गाबीत. वय सत्तरीच्या आसपास. तरुणपणी रापणीच्या दोरीला होते. रापण म्हणजे सगळ्या वाडीनं मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. आता रापण क्वचित लागते, तेव्हा ते गरवतात. हा शब्द मला फार आवडला. आम्ही 'गरी टाकायला जातो' म्हणतो, तीन शब्द लागतात. इथे त्याचं सरळ क्रियापद आहे: गरवणं. ज्या माणसांनी एका कामासाठी स्वतंत्र क्रियापद घडवलं त्यांनी ते काम किती केलं असेल!

त्यांचं हत्यार पाहिलं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली नायलॉनची तंगूस, टोकाला शिशाचा गोळा आणि एक जाड गरी. बस. माझी नऊ फुटी काठी आणि चकचकीत रीळ त्यांनी हातात घेऊन पाहिलं, रिळाची मूठ दोनदा फिरवली. मग माझी तंगूस अंगठ्याच्या नखावरून ओढून म्हणाले, "बारीक आसा." मी ते ऐकलं आणि मनावर घेतलं नाही.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला मासा धरायला नाही, पाणी वाचायला बसवलं. भरतीची वेळ काढायचं किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा; म्हणजे पावणेदहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी. मुंबईच्या मानानं इथे पाणी थोडं आधी भरतं, तेवढं तात्या मनातच वजा करतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. मालवणकडे दोन-अडीच मीटर. पण एवढंसं पाणीही कर्लीच्या अरुंद मुखातून आत-बाहेर जाताना नदीसारखं धावतं. धावतं पाणी लहान माशांना ओढून नेतं, आणि जिथे धार वळते, जिथे तिच्या कडेला संथ पाणी लागून असतं, तिथे मोठा मासा तोंड धारेकडे करून उभा राहतो. तो शोधत हिंडत नाही. त्याचं जेवण त्याच्यापर्यंत वाहत येतं.

"थय बघा," तात्या म्हणाले. पाण्यावर एक शिवण दिसत होती. एका बाजूला पाणी सुरकुतलेलं, दुसऱ्या बाजूला तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. "तेच्या पोटात ऱ्हवता तो."

तो म्हणजे चणाक. रायगडकडे जिताडा म्हणतात, गोव्यात चोणक, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. याच मुखाशी तांबोशी येते, खडकाकडेला गोबरा बसलेला असतो, बाहेरच्या अंगाला कोकर धाड घालतो. पण खाडीच्या तोंडाचा राजा चणाक. रायगडच्या खारेपाटात घरापुढच्या तळ्यात जिताड्याची पिल्लं सोडून वाढवण्याची रीत आहे, आणि तळ्यातला मासा बाहेर निघतो तो पाहुण्यासाठी. एखाद्या माशाला असा मान महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळालेला मला माहीत नाही.

त्या रात्री आमच्या गरीला फक्त शेंगट्या लागल्या. तात्या त्यांचे काटे चिमट्यानं मोडून काढत होते. तो काटा हाताला लागला तर रात्रभर ठणका.

दुसऱ्या संध्याकाळी तात्यांनी पाग, हातानं भिरकावायचं जाळं, फेकून हातभर पाण्यातून बोयी काढल्या. वीतभर लांबीच्या, करड्या पाठीच्या. बालदीत पाणी सारखं बदलत राहायचं, बोय मेली तर तिचा उपयोग निम्मा. गरी पाठीच्या काट्याच्या वर, कातडीतून अलगद ओवायची, म्हणजे ती पोहत राहते. हे तात्यांनी दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. बोय माझ्या मुठीत थरथरत होती, आणि मला बेडूक लावणारे आजोबांचे हात आठवत होते.

ओहोटी पुरी झाली. पाणी थबकलं. थोडा वेळ ते कुठेच जात नव्हतं. वाळूवर एक माडाचं झावळं तरंगत होतं ते जागच्या जागी गोल फिरलं. मग ते हळूच नदीच्या दिशेनं सरकायला लागलं. "इली," तात्या म्हणाले. भरती आली. तेवढ्यात समोर आवाज झाला. तो कसा सांगू? रिकाम्या रांजणावर तळहात मारावा तसा, खोल, पोकळ. जिताडा भक्ष्य चावत नाही. तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ओढून घेतो, त्याचा तो आवाज. माझ्या अंगावर काटा आला.

दहा मिनिटांत माझी काठी वाकली. मी लगेच मागे खेचली. मासा वर आला, अर्ध्याहून जास्त पाण्याबाहेर, आणि त्यानं डोकं असं झाडलं की कल्ल्यांची झापडं उघडी पडून आतला लाल रंग दिसला. पुन्हा एकदा झाडलं. आणि काठी सरळ झाली. तंगूस ओढून घेतली तर टोक कात्रीनं कापल्यासारखं साफ. जिताड्याला सुरमईसारखे कापणारे दात नसतात. त्याचं पातं त्याच्या कल्ल्यावर असतं. कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार की बारीक तंगूस तिच्यावर टिकत नाही. तात्यांनी हे आदल्या दिवशीच सांगितलं होतं, एका वाक्यात. ते आता काही बोलले नाहीत. आपल्या बाटलीवरची जाड तंगूस दोन हात कापून त्यांनी माझ्या दोरीच्या टोकाला बांधून दिली. मला त्या माशाचं वाईट वाटत राहिलं. गरी तोंडात घेऊन तो गेला होता, आणि चूक माझी होती.

रात्री त्यांच्या पडवीत बसलो. गोष्टी माशांच्याच. माझ्या मनात एक प्रश्न बरेच दिवस होता तो विचारला: मोठे मासे कमी झाले का? तात्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "लहान रवले, मोठे गेले." मोठ्या बोटींची पर्ससीन जाळी, रात्री दिवे लावून थवाच्या थवा उचलणं, हे ते हळू आवाजात सांगत होते. पर्ससीनवर राज्यानं २०१६ साली निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ साली बंदी घातली. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. कायदे आहेत. पाळले किती जातात याचं उत्तर किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात मिळेल.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. "पावसात मोठो चणाक कापलो की पोटात गाबोळीच मिळता. लहानात गाबोळी मी कधी बघूक नाय." गाबोळी म्हणजे अंडी. सत्तर वर्षांच्या हातांनी कापलेल्या माशांवरून काढलेला हा निष्कर्ष. शास्त्रज्ञ नेमकं हेच सांगतात. जिताडा जन्मतो तो नर म्हणून. पहिली काही वर्षं खाडीत, कांदळवनात, भरतीच्या नाल्यांत तो नर म्हणूनच वाढतो, नर म्हणूनच प्रजननात भाग घेतो. पुढे चांगला मोठा झाला, की त्याचं शरीर बदलतं आणि तो मादी होतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक थोरली मादी ही आधी लहान नर होती, आणि तिथपर्यंत जगायला तिला चार, पाच, सहा वर्षं लागली. पावसाळ्यात, पुनवेच्या-अवसेच्या उधाणाला ती नदीमुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी सोडते. लाखांनी नाही, चांगली वाढलेली मादी कोटीच्या हिशेबात सोडते. अंड्यांना खारं पाणी लागतं, पिल्लांना खाडीतला आडोसा लागतो, वाढत्या माशाला गोडं पाणीही चालतं. या साखळीतली एक कडी तुटली तर पुढची नाही.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं १९९७ साली हा मासा बंदिस्त पाण्यात प्रजननाला आणला. आता हॅचरीतली पिल्लं मिळतात, आपल्या किनाऱ्यावर कांदळवन प्रतिष्ठानाच्या मदतीनं गावोगावचे गट खाडीत पिंजरे लावून जिताडा वाढवतात. हे चांगलं काम आहे आणि ते वाढावं. पण पिंजऱ्यातला मासा बाजाराला जातो. कर्लीच्या मुखाशी 'रांजणावर थाप' मारणारा मासा हा खाडीनं स्वतः वाढवलेलाच असतो.

तिसरा दिवस त्रिपुरी पौर्णिमेचा. देवळात दिवे लागत होते. आम्ही उन्हं उतरताच टोकावर जाऊन बसलो. ओहोटीनं वाळू उघडी पडली होती, ओल्या वाळूत खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी. पश्चिमेला सूर्य बुडाला आणि थोड्याच वेळात पूर्वेकडे, नदीच्या अंगाला, चंद्र वर आला. पाणी थबकलं. झावळं नव्हतं, पण आता मला फेसावरून कळत होतं. फेस फिरला. भरती लागली.

बोय त्या शिवणीच्या कडेला सोडली. काठी हातातच धरली, तंगूस बोटावर घेतली, डोहावर घ्यायचो तशी. किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी बोयीची थरथर वाढली. ती घाबरून एका बाजूला पळत होती हे बोटाला कळत होतं. मग थाप ऐकू आली, आणि बोटावरची तंगूस सैल पडली.

"वायच दम धरा," तात्या कुजबुजले.

मी दम धरला. तंगूस सैल होती, मग ताठ झाली, मग सरसर निघाली. "आता."

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या हातांना आठवतो, डोक्याला नाही. दोनदा तो पाण्याबाहेर आला आणि चांदण्यात आख्खा दिसला. दोन्ही वेळा तात्या ओरडले, "काठी खाली! ढिली सोडा!" आणि मी काठी खाली केली. एकदा तो सरळ धारेला लागून आत नदीकडे निघाला आणि मी वाळूवरून त्याच्यामागे पळालो. शेवटी गुडघाभर पाण्यात तात्या उतरले आणि त्यांनी त्याचा खालचा जबडा अंगठ्यात धरला.

विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे तांबडे चमकले. वरून पितळी, कुशीला चांदी, कपाळ आत दबलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. खवला माझ्या अंगठ्याच्या नखाहून मोठा. कल्ल्याच्या कडेवरून मी बोट फिरवलं नाही, नुसतं पाहिलं. तात्यांनी वितीनं मोजलं: चार विती आणि चार बोटं. म्हणाले, नऊ-दहा किलो तरी असेल. मग म्हणाले, "येवढी मोठी म्हंजे मादीच ती."

मी तिला पाण्यातच धरून होतो. विचारलं, "तात्या, तुम्ही काय केलं असतं?"

"इकली असती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, संकोचही नव्हता. "माझ्या घरात चूल आसा. तुमचा पोट यावर नाय. तुमी सोडा नायतर नेवा, मासो तुमचो."

गरी ओठाच्या कोपऱ्यात होती, सहज निघाली. तिचं तोंड येणाऱ्या भरतीकडे करून मी पोटाखाली हात धरला. पाणी तोंडातून शिरत होतं, कल्ल्यांतून बाहेर पडत होतं. आधी ती कलंडत होती. हळूहळू तिची पाठ सरळ झाली. मग शेपटी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली, आणि माझे हात रिकामे झाले. तात्या तोवर कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. "गेली," म्हणाले आणि आपली बाटली उचलून दुसऱ्या जागी गरी टाकायला गेले. त्या रात्री त्यांना एक तांबोशी मिळाली. त्यांच्या घरी आम्ही तीच जेवलो.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या उत्तरावर विचार करत होतो. ते बरोबर होतं. चूल असलेल्या माणसाला, तू तुझ्या गरीला लागलेली आठवड्याची कमाई पाण्यात सोड, असं सांगणारा मी कोण? मी सोडली कारण मला पगार मिळतो. मोठ्या माद्या वाचवायच्या असतील तर ते एकट्या गाबिताच्या मनाच्या मोठेपणावर टाकता येणार नाही. नियम हवा, तो यांत्रिक बोटीला आणि बाजाराला आधी लागू हवा, आणि ज्याची चूल त्यावर चालते त्याला त्याची भरपाई हवी. आमच्या डोहांतल्या शिवड्यासाठी असा नियम कुणी केला नाही. केला असता तर माझ्या विद्यार्थ्यांनी तो मासा नुसता चित्रातच पाहिला नसता.

राज्यानं २०२३ साली पन्नासहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. चांगलं केलं. पण ती मर्यादा फक्त खालची आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये याच जिताड्याला दोन मर्यादा आहेत: ५८ सेंटीमीटरहून लहान धरायचा नाही, आणि १२० सेंटीमीटरहून मोठाही धरायचा नाही. लहान वाढावा म्हणून सोडायचा, मोठी अंडी घालावी म्हणून सोडायची. आपल्या मत्स्यव्यवसाय खात्यानं जिताड्यापुरती तरी ही वरची मर्यादा घालावी, आपल्या पाण्याला साजेसा आकडा किनाऱ्यावरच्या लोकांना विचारून ठरवावा, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखांना यांत्रिक बोटींबरोबरच बारीक जाळ्यांपासूनही विसावा द्यावा.

तोवर तुम्ही मालवणात, अलिबागेत, पणजीत मासळी घ्यायला गेलात आणि टोपलीत हातभराहून लांब जिताडा दिसला, तर त्याच्या शेजारचा लहान घ्या. चवीलाही तोच बरा, असं तात्या सांगतात.